पाण्याचा ताळेबंद : सावनेर तालुक्यातील दुष्काळ आणि दानाचा विनियोग



दुष्काळनिवारणाच्या कामास द्रव्य देणाऱ्या गृहस्थांस आपला पैसा कोठे गेला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. जमाखर्चाचा तक्ता त्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतो. इतके टँकर, इतका कडबा, इतकी मजुरी, असे त्यात लिहिलेले असते. परंतु हेच टँकर पुन्हा पुढील उन्हाळ्यात का लागतात, याचा खुलासा तक्त्यात कोठेच नसतो. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर दरसाल तोटा भरून काढणे निराळे आणि तोटा कोणत्या खात्यात येतो हे शोधणे निराळे. म्हणून आकडेवारीच्या आधी हे निवेदन जोडले आहे. यात सावनेर तालुक्याच्या पाण्याचा हिशेब मांडला असून, त्यावरून समितीने खर्चाचा कोणता क्रम ठरविला आहे ते सांगितले आहे. वाचकांनी ते स्वस्थपणे वाचावे आणि पटले तरच हात सैल सोडावा.

१. दुष्काळाचे रूप पालटले आहे

आपल्या नागपूर जिल्ह्यास दुष्काळ नवा नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांचे तडाखे तीन-चार वर्षांच्या अंतराने बसले. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लक्षांहून अधिक होती. दहा वर्षांनी, म्हणजे १९०१ साली, ती वाढण्याऐवजी सुमारे सहा हजारांनी घटलेली आढळली. त्या काळी सरकारचे फॅमिन कोड होते. त्याअन्वये रयतेस काय मागता येते हे खेडोपाडी समजावून सांगण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८९६-९७ साली केले. हिंदुस्थानच्या लोकांसाठी दुष्काळनिधी म्हणून जो कायमचा ट्रस्ट १९०० साली निघाला, त्याचा पाया जयपूरचे महाराज माधोसिंह यांच्या १५ लक्ष रुपयांच्या देणगीने घातला गेला. सारांश, दानशूरता तेव्हाही कमी नव्हती.

उणीव होती ती दानाच्या व मजुरीच्या विनियोगात. भुकेल्या मनुष्यास काम द्यावयाचे म्हणून बहुधा रस्त्याच्या कडेस खडी फोडण्याचे काम दिले जाई. खडीचे ढीग पडत, मजुरीचे पैसे वाटले जात, माणसे जगत. परंतु पुढील अवर्षणाशी तोंड देण्याचे साधन त्यातून थोडेच निर्माण होई. १९०१ ते १९०३ या काळात बसलेल्या पाटबंधारे कमिशनानंतर मात्र आपल्या प्रांतात मोठ्या तलावांची कामे निघाली. रामटेकचा खिंडसी तलाव १९१३ साली आणि चांदा जिल्ह्यातील आसोलामेंढा १९१८ साली पुरा झाला. आज शंभर वर्षांनंतरही त्यांचे पाणी शेतांस मिळते. एकाच शतकातील एकाच प्रकारच्या श्रमाचे हे दोन परिणाम दात्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

रेल्वे, धान्याची वाहतूक व रास्त भावाची दुकाने यांमुळे अन्नाचा दुष्काळ पुढे बराच आवरला गेला. १९७२ च्या महाराष्ट्रव्यापी दुष्काळात लक्षावधी लोक सरकारी कामांवर होते. त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना स्थिरावली व १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यानंतर आपल्याकडे दुष्काळ म्हणजे मुख्यतः पाण्याचा, चाऱ्याचा व रोजगाराचा दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. नागपूर शहरात २०१९ च्या जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, एक दिवसाआड पाणी सोडण्याची वेळ आली, कारण पेंचवरील तोतलाडोह धरण तळास गेले होते. धान्य परमुलखातून मालगाडीने आणता येते. पाणी तसे आणणे ही अखेरची निकड होय, तो व्यवहार नव्हे.

२. आकाशातून जमा किती होते

आता मूळ हिशेबाकडे वळू. सावनेरच्या बाजूस सरासरीने सुमारे १,००० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने ४० इंच पाऊस पडतो. तो एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी अधिक पडतो. पण सरासरी ही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. त्या मानाने एका एकरावर वर्षाकाठी सुमारे ४० लक्ष लिटर पाणी पडते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी सरकारने दर माणशी रोजचे ५५ लिटर हे मान धरले आहे. म्हणजे एका माणसास वर्षास सुमारे वीस हजार लिटर. तेव्हा एक एकर जमिनीवर पडणारे पाणी, जर सर्व धरून ठेवता आले तर, दोनशे माणसांस वर्षभर पुरेल!

पाचशे हेक्टर शिवाराचे व दीड हजार वस्तीचे एक गाव उदाहरणादाखल घ्या. त्याच्या शिवारात वर्षास सुमारे ५०० कोटी लिटर पाणी पडते. माणसांची गरज तीन कोटी लिटर. पाचशे गुरे धरली व दर जनावरास रोज ५० लिटर दिले, तर आणखी एक कोटीच्या आत भागते. म्हणजे माणूस आणि ढोर मिळून जमेच्या रकमेतील शेकडा एक भागसुद्धा पीत नाहीत. पाऊस निम्मा पडला तरी ही गरज शेकडा दोहोंच्या आत राहते. असे असता त्या गावात चैत्र-वैशाखात टँकर यावा, याचा अर्थ जमा कमी आहे असा होत नाही. जमा झालेली रक्कम तिजोरीत न पोचता परस्पर जाते, किंवा तिजोरीतून कोणी तरी अधिक उचल करतो, असा होतो. या दोन्ही वाटांचा विचार पुढे केला आहे.

३. पाणी थांबत का नाही

सावनेरच्या पश्चिमेकडील भाग काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा. पूर्वेकडे कन्हानच्या बाजूस वालुकाश्म व दगडी कोळशाचे थर आहेत, आणि खाप्याच्या पलीकडे मँगनीज असलेले अतिप्राचीन खडक आहेत. काळा खडक अंगचा सच्छिद्र नसतो. त्याच्या वरचा झिजलेला मुरूम आणि खडकातील फटी एवढीच त्याची पाणी साठविण्याची जागा. तिला मोठा हौद न समजता उथळ परात समजावी. चांगला पाऊस झाला की परात लवकर भरते. आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर रिकामी होते. त्यावरील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसात पाणी पिते, पण एकदा फुगली की तिच्या भेगा मिटतात आणि पुढचे पाणी आत न शिरता उतारावरून धावू लागते.

ते पाणी रिकामे जात नाही, बरोबर माती घेऊन जाते. पूर्वी शेताच्या धुऱ्यावर गवत, झाडोरा व दगडांची रचना असे. धुरे अरुंद झाले, नांगरले गेले, पांदणी उकरल्या गेल्या. त्यामुळे पाण्यास सरळ वाट मिळाली. ही माती नाल्यात, तलावात व बोडीत बसते. तलावाचे पोट गाळाने भरले की वरून विस्तीर्ण दिसणारे पाणी होळीपर्यंतही टिकत नाही. याचे दुसरे नाव मरुभूमीची वाढ. वाळवंट राजपुतान्यातून वाऱ्याबरोबर चालत येत नाही. ते आपल्या धुऱ्यावरून मातीच्या रूपाने खाली उतरते आणि मागे खडक ठेवून जाते. इस्रोने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहात देशाच्या एकूण भूमीपैकी शेकडा २९.३२ भाग निकृष्ट होत चालल्याचे नोंदविले आहे. महाराष्ट्राचे प्रमाण त्याहून मोठे, शेकडा चाळिसांच्या वर आहे. आपल्या हिरव्या संत्राबागा पाहून हा धोका आपल्याला लागू नाही असे कोणी समजू नये.

नदीची वाळू हेही एक साठवणीचे भांडार आहे. कोलार व कन्हान या आपल्या नद्या. त्यांच्या पात्रातील वाळूच्या कणांमध्ये पाणी उन्हापासून सुरक्षित राहते आणि काठच्या विहिरींस झिरपत राहते. एक ब्रास वाळूत सुमारे सातशे लिटर पाणी राहू शकते. ती वाळू उचलून नेली की पाणी राहण्याची जागाही गाडीत बसून जाते. उघड्या खडकावर किंवा चिखलावर पुराचे पाणी येते आणि निघून जाते. बांधकामास वाळू लागते हे आम्ही जाणतो. परंतु गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळील पात्रातून तरी ती उचलली जाऊ नये, यावर व्यापारी व ठेकेदार मंडळींचे एकमत व्हावे अशी आमची इच्छा आहे.

४. उचल कोण करतो

येथे आम्हांस काहीसे अप्रिय बोलणे भाग आहे. वाचकांपैकी पुष्कळ जण बागाईतदार आहेत आणि संत्रे हे या भागाचे वैभव आहे, हे ध्यानी ठेवूनच आम्ही लिहितो. पूर्ण वाढलेल्या संत्र्याच्या झाडास वैशाखात रोज शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते. सहा मीटर अंतराने लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात. म्हणजे एक एकर बाग उन्हाळ्याच्या एका दिवसात निदान अकरा हजार लिटर पाणी घेते. दर माणशी ५५ लिटरांच्या मानाने हे दोनशे माणसांचे पाणी झाले. एक एकरावर पडणारा पाऊस दोनशे माणसांचा, आणि एक एकर बागेची उन्हाळ्यातील तहानही दोनशे माणसांची. हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

यावरून बागा तोडाव्या असे कोणी समजू नये. दोष बागेचा नाही, बोअरच्या शर्यतीचा आहे. एकाने दोनशे फूट खोल बोअर घेतला की शेजारी तीनशे फूट जातो. मग पहिला चारशेवर जातो. दोघेही नवे पाणी निर्माण करीत नाहीत, एकाच परातीत अधिक लांब नळ्या घालतात. खोल फटींतले पाणी भरावयास फार काळ लागतो आणि त्यात क्षारही अधिक आढळतात; यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावांत अशा पाण्यातील फ्लोराइडने लोकांचे दात व हाडे बिघडली आहेत. या शर्यतीत शेवटी दोन्ही शेजारी कर्जात जातात. आणि त्यांच्याआधी गावाची सार्वजनिक विहीर आटते, कारण ती सर्वांत उथळ असते. जिच्या मालकीत कोणी एक नाही, तिच्या बाजूने शर्यतीत धावणाराही कोणी नाही.

कायद्याने याची दखल घेतलेली आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यास १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने निर्बंध घातला. २००९ च्या कायद्याने ६० मीटरांहून खोल विहिरींकडे विशेष लक्ष दिले. परंतु जमिनीखालचा कायदा जमिनीवरच्या लोकमताशिवाय चालत नाही. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार या गावी आपल्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. तेथे १९९० नंतरच्या काळात गावकऱ्यांनी ओलितासाठी बोअर न घेण्याचे आपसांत ठरविले, उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य केली, आणि दरवर्षी पाऊस मोजून त्याप्रमाणे पिकांचे अंदाजपत्रक बांधण्याची प्रथा पाडली. तेथील विहिरी टिकल्या त्या या करारामुळे.

बागेखेरीज आणखीही उचल आहे. कोळशाच्या खाणी चालविण्यासाठी आतले पाणी सतत बाहेर काढावे लागते. असे पाणी वाया न दवडता शुद्ध करून पिण्यास देण्याचा प्रयोग आपल्याच तालुक्यात पाटणसावंगी येथील खाणीवर झाला, हे स्तुत्य आहे व त्याचा विस्तार व्हावयास पाहिजे. नागपूर शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांस देण्याची योजनाही गेल्या दशकात अमलात आली. जितके असे पाणी यंत्रांस मिळेल तितके नदीचे पाणी माणसांसाठी मोकळे होईल. मोठ्या धरणांच्या पाण्याचा प्रश्न मात्र आपल्या हातचा नाही. पेंचच्या पाण्याची मध्यप्रदेश व महाराष्ट्र यांत १९६४ साली वाटणी झाली, वरच्या अंगास छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण बांधले गेले, आणि खाली येणारे पाणी घटले. त्याची वाटाघाट सरकारांनी करावी. आमचे म्हणणे इतकेच की, परक्याच्या हातातील पाण्याची वाट पाहात आपल्या धुऱ्यावरचे पाणी सोडून देणे शहाणपणाचे नव्हे.

५. मरुभूमीने शिकविलेले

सावनेर व नागपूरच्या बाजारपेठेत मारवाड, शेखावाटी व बिकानेर येथून पिढ्यान्पिढ्यांपूर्वी आलेली व्यापारी घराणी पुष्कळ आहेत. संवत १९५६ चा 'छप्पनिया' काळ, म्हणजे आपला १८९९-१९०० चा दुष्काळ, त्यांच्या घरी अजूनही नावाने ओळखला जातो. त्यांच्या पूर्वजांच्या जेसलमेरात वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. तरी तेथे शतकानुशतके शहर नांदले. ते कसे?

घराच्या अंगणात किंवा रानात चुन्याने बांधलेला भूमिगत हौद, त्यास टांका म्हणतात. त्याच्या भोवतीची उताराची जागा, तिला आगोर म्हणतात, ती पावसाळ्यापूर्वी झाडून स्वच्छ ठेवावयाची. तेथे जोडे घालून जावयाचे नाही, गुरे सोडावयाची नाहीत. पडेल तो थेंब टांक्यात उतरावयाचा. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालून पावसाचे पाणी शेतातच उभे करावयाचे, ते मुरले की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यावयाचा, या पद्धतीस खडीन म्हणतात. ती पालीवाल ब्राह्मणांनी जेसलमेरकडे रूढ केली. नर्मदेच्या खोऱ्यातील हवेली पद्धती तिचीच बहीण शोभेल. मरुभूमीच्या लोकांस पाणी मोलाचे वाटले म्हणून त्यांनी ते राखले. आपल्यास पाचपट पाऊस मिळाला म्हणून आपण बेफिकीर राहिलो.

हा धडा आजच्या गोदामास लावून पाहू. शंभर चौरस मीटर छपरावर आपल्याकडे वर्षास एक लक्ष लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा गळाला असे धरले तरी ऐंशी हजार लिटर हाती राहते. पाच माणसांच्या कुटुंबास ते नऊ महिन्यांहून अधिक पुरते. एक हजार चौरस मीटरांचे जिनिंगचे किंवा धान्याचे गोदाम असेल तर आठ लक्ष लिटर. हे पाणी पन्हळीने उतरवून, वाळू-खडीच्या गाळणीतून जुन्या विहिरीत किंवा हौदात सोडण्यास जो खर्च येतो, तो गोदामाच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक आहे. ज्या व्यापारी बंधूंस समितीला रोख देणगी देणे जड असेल, त्यांनी आपल्या छपराचे पाणी पेठेतील विहिरीस अर्पण करावे. आम्ही ती देणगीच समजू.

६. खर्चाचा क्रम

पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भातपट्ट्यांत कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व १९५१ पासून तलाव सरकारकडे गेले. सत्ता गेली हे योग्यच झाले, पण त्याबरोबर दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची व पाळ दुरुस्त करण्याची वहिवाटही बरीच लोपली. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात तलाव आधीच थोडे. येथील भिस्त विहीर, नाला व बोडी यांवर. म्हणून समितीने आपला क्रम पुढीलप्रमाणे ठरविला आहे.

पहिले काम, तात्काळ तहान भागविणे. जेथे सार्वजनिक विहीर आटली असेल तेथे टँकर व गुरांस चारा दिलाच पाहिजे. भुकेल्यास पुढील वर्षाचे तत्त्वज्ञान सांगणे हे निर्दयपण होय. परंतु दहा हजार लिटरांचा टँकर सुमारे १८० माणसांस एक दिवस पुरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मागमूस राहात नाही, हेही दात्यांनी जाणावे.

दुसरे काम, गाळ काढणे. एक हजार घनमीटर गाळ काढला की दहा लक्ष लिटरांची जागा मोकळी होते. म्हणजे शंभर टँकर, आणि तेही एका वर्षापुरते नव्हेत, पुन्हा गाळ भरेपर्यंत दर पावसाळ्यास. निघालेला गाळ हलक्या जमिनीवर पसरला की तिचा कस वाढतो. गाळ ज्याने आपल्या शेतात न्यावयाचा त्याने वाहतुकीचा खर्च सोसावयाचा, हा नियम सरकारच्या २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतही होता, आणि आम्ही तोच ठेवू.

तिसरे काम, वरच्या उतारावरून प्रारंभ करून धुरे व नाले बांधणे. माथ्यावर समतल चर, मध्यावर धुऱ्यांची डागडुजी, तळाशी नाल्यावर लहान बंधारे, हा क्रम उलटविता येत नाही. खालचा बंधारा आधी बांधला तर वरची माती येऊन दोन वर्षांत तो बुजतो. शेतातच पाणी अडवून मुरविण्याची ही गोष्ट नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जागोजाग ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवावे असे आग्रहाने सुचविले होते.

चौथे काम, पेठेतील व गावांतील जुन्या विहिरींचा उपसा, बांधणी व पुनर्भरण. सावनेरास १८६७ साली नगरपालिका मिळाली; विसाव्या शतकारंभी येथील वस्ती पाच हजारांच्या आसपास होती आणि तिचे सारे पाणी विहिरी व कोलार नदी यांचे होते. नळ आले तेव्हा विहिरींत कचरा पडू लागला. नळ सुटत नाही त्या दिवशी आठवण त्याच विहिरीची होते, हे पुढील पिढीस सांगावयास नको.

समितीच्या पैशाने नवा बोअर कोठेही घेतला जाणार नाही. पुष्कळ गावांची मागणी बोअरचीच असते व बोअर देणाऱ्यास लवकर कीर्ती मिळते. तथापि वर दिलेल्या कारणांमुळे एका गावाची तहान दुसऱ्या गावाच्या विहिरीतून भागविण्यास आम्ही साधन होऊ इच्छीत नाही.

७. समितीचे नियम

(अ) ज्या जलाशयावर समितीचा पैसा खर्च होईल, तो जातिधर्मनिरपेक्ष सर्वांस खुला राहील. १९२७ साली महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाण्यावर प्रत्येकाचा हक्क आहे हे त्याने देशास शिकविले. जेथे ही अट मान्य नसेल तेथे आमचा एक पैसाही जाणार नाही.

(आ) काम हाती घेण्यापूर्वी गावाचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज पाहून बोडी, तलाव, नाला व पांदण यांच्या जुन्या हद्दी निश्चित केल्या जातील. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ते आपसांत मिटल्याशिवाय तेथे खर्च होणार नाही.

(इ) लाभ घेणाऱ्या बागाईतदारांनी सार्वजनिक विहिरीच्या ५०० मीटरांच्या आत नवी विहीर न खणण्याचे व बागेस ठिबकने पाणी देऊन बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवण्याचे लेखी मान्य करावे. विहिरीचा भरवसा नसेल तेथे आंबिया बहाराऐवजी मृग बहार धरावा. मृगासाठी बागेस उन्हाळ्यात ताण द्यावयाचाच असतो; त्यामुळे ज्या दिवसांत गावास पाण्याची सर्वाधिक निकड असते, त्याच दिवसांत बागेची मागणी उतरते.

(ई) प्रत्येक गावी एक पर्जन्यमापक व एका ठरावीक विहिरीवर पातळीची खूण राहील. मार्गशीर्षात ग्रामसभेपुढे त्या वर्षाची जमा वाचून दाखवावी आणि पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढून मगच रब्बी व बागेचे ओलीत ठरवावे. कुटुंबाचा खर्च आपण याच रीतीने चालवितो.

(उ) प्रत्येक कामाची लांबी, रुंदी, खोली, खर्च व लाभधारक यांची नोंद गावाच्या चावडीवर लावली जाईल आणि कोणाही दात्यास मूळ पावत्या पाहण्यास मिळतील.

८. विनंती

कोणी विचारील, सरकार असता लोकांनी हा भार का उचलावा? सरकारचे कर्तव्य सरकारने करावे आणि त्याबद्दल अर्ज-विनंत्या करण्यास आम्ही कसूर करीत नाही. परंतु शिवाराचा धुरा सरकारच्या नावे नाही, तो आपल्या नावे आहे. गोदामाचे छप्पर आपले आहे. बोअरची कळ दाबणारा हात आपला आहे. पाण्याच्या हिशेबातील बहुतेक नोंदी आपल्याच वहीत पडतात. तेव्हा ती वही दुरुस्त करण्याचे कामही प्रथम आपले.

व्यापारास याचा प्रत्यक्ष लाभही आहे. ओलीत गेले की कापूस व संत्रे बाजारात येत नाहीत, उधारी वसूल होत नाही, मजूर नागपूरकडे जातो आणि पेठ ओस पडते. पाणी टिकले तर गिऱ्हाईक टिकते. म्हणून या कामी दिलेला रुपया धर्मखाती लिहिला तरी त्याचे व्याज दुकानाच्या खाती येते.

देणगी अनेक प्रकारची असू शकेल. ज्यांच्याजवळ द्रव्य आहे त्यांनी द्रव्य द्यावे. ज्यांच्याजवळ जेसीबी, ट्रॅक्टर व टिप्पर आहेत त्यांनी शेतीची कामे संपल्यावर काही दिवसांची चाक-मजुरी द्यावी. जमीनमालकांनी चर व बंधारे यांसाठी धुऱ्यालगतची थोडी पट्टी सोडावी. डिझेल, सिमेंट, लोखंड विकणाऱ्यांनी माल खरेदीच्या भावाने द्यावा. शिकलेल्या तरुणांनी पर्जन्यमापकाची व विहिरीची नोंद रोज ठेवावी. हे काम फुकटाचे दिसते, पण त्यावाचून बाकी सर्व खर्च आंधळा राहतो.

कामाचा हंगाम लहान आहे. रब्बी निघाल्यापासून मृग लागेपर्यंत जे खणले जाईल तेच त्या वर्षाच्या पावसास कामी येते. एकदा नाले वाहू लागले की वर्ष गेले असे समजावे. यास्तव विलंब न करिता, आपली देणगी कोणत्या स्वरूपाची राहील ते समितीस लौकर कळवावे, आपल्या गावच्या तलावाची, बोडीची व विहिरींची स्थिती लिहून पाठवावी, आणि या निवेदनातील ज्या मुद्द्यावर मतभेद असेल तोही निःसंकोच लिहावा. टीकेसह आलेली देणगी आम्हांस अधिक मोलाची वाटेल, कारण ती वाचून दिलेली असेल.



आपली,
दुष्काळनिवारण समितीची मंडळी, सावनेर